मागणे आणि वचन

आर्द्रा, पुनर्वसू कोरडी गेली, कयाधूच्या पात्रात पाण्याऐवजी वाळू तापू लागली, की हिंगोली, कळमनुरी, सेनगाव या भागातील खेडोपाडी नवसांना ऊत येतो. कोणी औंढ्याच्या नागनाथास अभिषेक बोलतो, कोणी मरीआईस बोलतो, कोणी खंडोबास. अशा वेळी एखादा उपदेशी गृहस्थही डगमगतो. घरी विशेषास वंदन होते, स्मरणही चुकत नाही. परंतु उभ्या सोयाबीनने माना टाकल्या म्हणजे तो शेजाऱ्याच्या हाती आपल्याही नावाचा नारळ गुपचूप देतो. कोणी हटकले तर त्याचे उत्तर तयार असते : "परमेश्वर मोक्ष देणारा. त्याला पावसापाण्याचे काय मागायचे? ही कामे देवतांची."

वरवर पाहता हे उत्तर मोठे नम्र वाटते. परमेश्वरास क्षुल्लक गोष्टीसाठी कष्टवू नये, असा भाव त्यात दिसतो. पण ते नीट तपासले पाहिजे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तोवर जिल्ह्याच्या कचेरीतील कामासाठी येथील माणसास परभणी गाठावी लागे. लहान काम तहसिलीत, मोठे काम परभणीस, ही सवय अंगी मुरलेली. तीच वाटणी हा गृहस्थ परमार्थात आणतो. परंतु वरच्या कचेरीत जाण्याची वेळ जशी तो पुढे ढकलत राही, तसेच मोक्षाचेही होते. नवस रोजचे, आणि मोक्षाची याचना कधीतरी म्हातारपणी.

गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण चक्रवर्तींनी भक्तांचे चार प्रकार सांगितले : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पीडेने रडणारा आणि धनाची इच्छा करणारा यांनाही त्यांनी भक्तांतून वगळले नाही. चौघांनाही उदार म्हटले. म्हणजे मागणारा म्हणून कोणी दारातून परत फिरवला जात नाही. त्याच अध्यायात पुढे, कामनांनी ज्ञान हरपलेले लोक अन्य देवतांकडे जातात आणि त्यांना मिळणारे फळ अंतवंत असते, असेही स्पष्ट केले आहे. दोन्ही वचने एकत्र वाचली म्हणजे गृहस्थाच्या उत्तरातील दोष कळतो. दुःख घेऊन परमेश्वराकडे येणे हा अपराध नाही. दुःख एकीकडे आणि भक्ती दुसरीकडे वाहणे, येथे अनन्यता भंगते.

शिवाय नवस आणि प्रार्थना यांची जातच वेगळी. नवसात सौदा असतो : अमुक झाले तर तमुक देईन. झाले नाही तर नारळ वाचला! प्रार्थनेत मागणाऱ्याजवळ द्यायला काहीच नसते. तो केवळ समोरच्याच्या शब्दावर उभा असतो.

हे धैर्य कसे असते ते पाहायचे तर विदर्भातील कौंडिण्यपुरी जावे. रुक्मिणीने द्वारकेस धाडलेल्या पत्रिकेहून अधिक धीट याचना क्वचितच आढळेल. बंधू रुक्मीने विवाह शिशुपालाशी ठरविलेला, लग्नघटिका जवळ आलेली, आणि ही राजकन्या ज्यास कधी पाहिलेही नाही त्या श्रीकृष्णास, केवळ गुणश्रवणाच्या बळावर, या आणि मला न्या, असे लिहिते. नुसते याच असे नाही. कसे यावे हेही लिहिते. विवाहाच्या आदल्या दिवशी वधू नगराबाहेर देवीच्या यात्रेस जाते, तेथून न्यावे, म्हणजे अंतःपुरात शिरून आप्तांचा वध करावा लागणार नाही. आणि ही कृपा या जन्मी झाली नाही तर प्राण वेचीन, शंभर जन्म लागले तरी हेच मागेन. तिने राज्य मागितले नाही, शिशुपालाहून बरा वर मागितला नाही. तिने त्यालाच मागितले.

येथे शास्त्री आक्षेप घेतात की ती अंबिकेच्या देवळात गेली होतीच. गेली, आणि तेथे तिने मागितले तेही कृष्णालाच. पत्रिका तर त्याआधीच द्वारकेस पोचली होती. देऊळ हे तिने स्वतः नेमून दिलेले भेटीचे ठिकाण होते.

पत्रिका गेल्यावरची रात्र मात्र कठीण आहे. विप्र परतला नाही, द्वारकेहून वार्ता नाही. आपल्यात काही उणे दिसले म्हणून तर ते येत नसतील, अशी शंका तिला चाटून गेली. तरी तिने दुसरी पत्रिका दुसऱ्या दारी धाडली नाही. आपल्या पंथात महदंबेने हा विवाह धवळ्यांत गायिला आणि नरेंद्राने रुक्मिणीस्वयंवर रचले. ते काव्य रामदेवराव यादवाने सुवर्णाच्या मोबदल्यात आपल्या नावे मागितले असता कवीने नाकारले, अशी परंपरा आहे. ज्याने ती रात्र शब्दांत उतरवली त्याला सोन्याचा मोह कसा पडावा!

आता खरा अवघड प्रश्न. उपदेशी माता आजारी लेकरासाठी परमेश्वरास आळविते, दवाखाना करते, आणि तरीही लेकरू जाते. तिने काय समजावे? श्रद्धा कमी पडली, असे तिला ऐकविणारे भेटतात. ते निष्ठुर तर आहेतच, शास्त्रदृष्ट्या अज्ञानीही आहेत. देह कर्माधीन आहे. कोणाचे लेकरू जाणार नाही, कोणाचे पीक करपणार नाही, असे वचन परमेश्वराने कोठेही दिलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात दगड फोडायला गेलेल्या आणि सुकडीवर दिवस काढलेल्या माणसांत नित्य स्मरण करणारे नव्हते काय? वचन आहे ते निराळे : माझा भक्त नाश पावत नाही. नवव्या अध्यायात ते अर्जुनासच प्रतिज्ञेने उद्घोषित करावयास सांगितले आहे. आपण मनाने एखादे वचन रचावे, ते परमेश्वराच्या नावावर मांडावे आणि ते फळले नाही म्हणून त्यास खोटे ठरवावे, हा न्याय नव्हे. मातेने रडून मागावे. आर्तास ती मुभा आहे. पण टेकावे ते दिलेल्या शब्दावर.

आणि तो दिलेला शब्द आपल्या कोणत्याही मागणीहून मोठा आहे. सर्वज्ञांच्या निरूपणात परमेश्वरास जीवोद्धरणाचे व्यसन आहे. व्यसनी माणसास जे हवे तेच कोणी मागितले तर तो कंटाळेल काय? तरी साधक उद्धार मागताना आवाज खाली आणतो : आम्ही अधम, आमची योग्यता काय? योग्यतेचा हिशेब करूनच मागायचे तर कोणालाच काही मागता येणार नाही. सन्निधान मागावे, प्रेम मागावे, या जन्मी नाही तर पुढे, पण मागणे आखडू नये. वसमतकडचा हळदकरी ज्येष्ठात कंद पुरतो आणि माघ-फाल्गुनात काढतो. मधले आठ-नऊ महिने पाला पाहून तो धीर धरतो. कंद केवढा झाला हे पाहण्यासाठी रोज वाफा उकरीत नाही.

लीळाचरित्रात एका सशाची लीळा आहे. पारधी आणि कुत्री मागे लागलेली. जीव घेऊन पळणारा तो ससा थेट स्वामींच्या मांडीखाली शिरला. त्यास विनंती करता येत नव्हती, नवस बोलता येत नव्हता. आपली योग्यता आहे की नाही, एवढ्या लहान जिवासाठी यांस कष्ट द्यावेत की नाही, हा विचारही त्याने केला नाही. पारध्यांनी ससा मागितला. शरण आलेल्यास स्वामींनी दिले नाही, आणि पारध्यांचे मन वळविले. ते गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि एखाद्या थोरास निरोप द्यावा तशा आदराने त्या सशास आता जा म्हणून सांगितले.