क्षमा आणि दावा

पुढील संवाद कल्पिलेला आहे. त्यातला पेच मात्र वसईच्या पश्चिम पट्ट्यातील अनेक घरांच्या परिचयाचा आहे. चर्चच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आणि त्यांच्याच हाताखाली शिकून वकील झालेला एक तरुण उपवासकाळातील एका सायंकाळी बोलत बसले आहेत. वकिलाची अशील एक विधवा. तिची केळीची वाडी सख्ख्या पुतण्याने बनावट कुलमुखत्यारपत्राच्या आधारे परस्पर विकली, फेरफारही नोंदवून घेतला. आणि आता दावा अंगाशी येताच तो तिच्या दारी येऊन प्रभूच्या नावाने क्षमा मागत आहे.

वकील : मास्तर, दावा चालू ठेवला तर माझी क्षमा खोटी ठरेल काय, असे काकी मला विचारतात. दिवाणी कायद्याचे उत्तर माझ्यापाशी आहे, या प्रश्नाचे नाही.

मास्तर : पुतण्याने नेमके काय मागितले?

वकील : क्षमा, आणि तिचा पुरावा म्हणून दावा काढून घेण्याचा अर्ज. त्याने निर्दय चाकराचा दृष्टान्तही ऐकवला. धन्याने ज्याला दहा हजार तालांतांचे ऋण सोडले, त्यानेच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. तेव्हा देवाकडून एवढी दया घेणाऱ्या काकींनी या वाडीपुरती तरी दया दाखवावी, असा त्याचा युक्तिवाद.

मास्तर : त्याने दृष्टान्त अर्धाच वाचला. त्या कथेतले दोन्ही ऋणको पायांवर लोळण घेतात, ती फेडण्यासाठी मुदत मागण्याकरिता. ऋण बुडवू द्या, असे त्यांच्यापैकी एकही म्हणत नाही. तुझ्या पुतण्याच्या विनवणीत फेडीची भाषा कोठे आहे?

वकील : पण मग परतफेड ही क्षमेची पूर्वअट झाली. उधळ्या पुत्राच्या बापाने तर हिशेब न विचारता, लेक दूर असतानाच धावत जाऊन त्याला मिठी मारली. देवाची करुणाही आधी तारण मागत असेल, तर ती आणि सावकारी यांत अंतर काय राहिले?

मास्तर : तुझी हरकत रास्त आहे. म्हणूनच यरीहोच्या जक्कयाकडे पाहा. तो जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तेव्हा जक्कयाने कवडीही परत केली नव्हती. दया आधी आली, आणि तिचा स्पर्श झाल्यावर, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन व ज्याला नाडले त्याला चौपट भरून देईन, हे वचन त्याने आपण होऊन दिले. परतफेड हे दयेचे फळ आहे. आणि ज्या अंतःकरणात ते धरत नाही, तेथे दया देऊ केली गेली असली तरी स्वीकारली गेलेली नाही.

वकील : हे देवाच्या बाबतीत झाले. माणसाने काय करावे? आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले, आणि त्यांच्यातल्या पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच सत्ताधीश हिदेयोशीला क्षमा केली. त्या हुतात्म्यांनी कोणत्या कचेरीत फिर्याद दिली?

मास्तर : त्यांनी स्वतःचे प्राण दिले, दुसऱ्या कोणाचा हक्क सोडून दिला नाही. त्या वाडीत काकींच्या मुलींचा हिस्सा आहे की नाही?

वकील : आहे. दोघी मुली वारस आहेत.

मास्तर : मग आपल्यावरील अन्याय काकी सोडून देऊ शकतात, मुलींचा वाटा सोडून देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? जवळचेच उदाहरण घे. सिस्टर राणी मारिया यांची 1995 मध्ये इंदूरजवळ बसप्रवासात समंदर सिंह नावाच्या इसमाने सुऱ्याने हत्या केली. त्याला जन्मठेप झाली. सिस्टरांच्या धाकट्या भगिनी सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात गेल्या आणि त्याला राखी बांधून भाऊ मानून आल्या. पुढे कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली आणि 2006 साली तो सुटला. सेल्मी यांच्या क्षमेने न्यायालयाचा निवाडा पुसला गेला नाही, आणि त्या निवाड्यामुळे त्यांची क्षमाही अडली नाही.

वकील : तरी एका हाती जपमाळ आणि दुसऱ्या हाती समन्स, हे लोकांना ढोंग वाटेल.

मास्तर : दाव्यातून काकींना काय हवे, यावर ते अवलंबून आहे. पुतण्याचा सर्वनाश पाहण्यासाठी त्या कोर्टाची पायरी चढत असतील, तर ते ढोंगच होय. पण त्याच्यासाठी रोज प्रार्थना करून, त्याच्या मुलांना आपल्या पंगतीस बसवून, केवळ जे ज्याचे ते त्याला मिळावे एवढ्याचसाठी त्या दावा चालवीत असतील, तर त्यांची क्षमा पूर्ण आहे. हरित वसईच्या चळवळीत जमिनीसाठी उभे ठाकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे प्रेमाच्या शुभवर्तमानाचेच सेवक होते. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा मिळते. चोरलेली वस्तू परत करण्याचे बंधन त्याने सुटत नाही, ही चर्चची जुनी शिकवण आहे.

वकील : तर काकींना काय सांगू?

मास्तर : आजच क्षमा करा, तो फेडो वा न फेडो, कारण देवाने आपल्याला क्षमा करताना आपल्या फेडीची वाट पाहिली नाही. आणि दावा चालू द्या; पुतण्या वाडी परत करण्यास किंवा तिचे पुरे मोल देण्यास तयार झाला, तर त्याच दिवशी आपसात तडजोड करून घ्या. वाडी परत करूनच तो प्रामाणिक माणूस होऊ शकेल, आणि ती संधी त्याला देणे हाही प्रेमाचाच भाग आहे.

ज्याचे गेले त्यानेच क्षमा करायची असते, इतरांनी ती त्याच्याकडून वसूल करायची नसते. तेव्हा गावातील वडीलधाऱ्यांनी, आप्तांनी आणि धर्मगुरूंनी दुबळ्याच्या दारी क्षमेचा उपदेश घेऊन जाण्यापूर्वी, ज्याने लुबाडले त्याच्या दारी परतफेडीचा उपदेश घेऊन जावे, एवढीच कळकळीची विनंती आहे.