प्रतिज्ञापत्रावर शरणाची सही



ईश्वर आहे की नाही, हा वाद आपल्याकडे बहुधा देवळाच्या ओट्यावर सुरू होतो आणि चहा संपला की संपतो. एक जण म्हणतो, देव असता तर जगात एवढे दुःख का? दुसरा म्हणतो, देव नाही तर हे जग चालवतो कोण? दोघेही आपापल्या घरी जातात आणि दोघांच्याही आयुष्यात काही बदलत नाही. आज ज्या वादाकडे आपले लक्ष वेधायचे आहे तो या जातीचा नाही. त्यात कागद होता, आणि त्या कागदावर सही करायची होती.

गोष्ट १९६४ सालची. डॉ. पुष्प मित्र भार्गव हे त्या वेळी हैदराबादच्या प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. पुढे १९७७ साली याच शहरात पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र उभे राहिले; त्याचे ते संस्थापक संचालक. सतीश धवन आणि अब्दुर रहमान या दोघांना सोबत घेऊन त्यांनी वैज्ञानिक मनोवृत्तीच्या प्रसारासाठी एक मंडळ स्थापन केले. सभासद होणाऱ्याने एका छोट्या प्रतिज्ञेवर सही करावी, अशी अट होती. प्रतिज्ञेचा आशय असा : ज्ञान हे केवळ मानवी प्रयत्नानेच मिळते, दैवी साक्षात्काराने नाही, आणि सगळ्या प्रश्नांना माणसाने आपल्या नैतिक व बौद्धिक बळावरच सामोरे जावे, अलौकिक शक्तींचा धावा करू नये.

भार्गवांनी पुढे अनेकदा लिहून ठेवले आहे की, शास्त्रज्ञांपैकी बहुतेकांनी सही करायला नकार दिला. दिवसभर तर्क आणि प्रयोग यांवर पोट भरणारी ही माणसे होती. या प्रसंगाची त्यांना आयुष्यभर बोच राहिली असावी, असे त्यांचे लेखन वाचताना वाटते.

आता हा कागद क्षणभर आपल्यासमोर ठेवू. गळ्यात इष्टलिंग धारण करणारा, बसवण्णांचे नाव घेणारा शरण यावर सही करील का? आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडून पहिले उत्तर निघेल, छे, हा तर नास्तिकांचा कागद! मी मात्र विनवितो की घाई करू नये. एकेक कलम पाहावे.

पहिले कलम ज्ञानाचे. बाराव्या शतकात कल्याणात जमलेल्या शरणांनी ग्रंथाला शेवटचा शब्द मानले नाही. वेद, आगम, पुराण यांची साक्ष त्यांनी काढली ती सोयीपुरती, आणि जिथे साक्ष अनुभवाशी जुळली नाही तिथे अनुभव उचलला व ग्रंथ खाली ठेवला. अनुभवमंटप ही खरोखरची वास्तू होती की पुढच्या कवींनी त्या चर्चेला दिलेले रूप होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चर्चा होती, हे वचनेच सांगतात. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादनेत तर आरंभापासून अखेरपर्यंत प्रश्नोत्तरेच आहेत. अक्कमहादेवी कल्याणात आल्या तेव्हा त्यांची पाठ कोणी थोपटली नाही, त्यांची परीक्षा घेतली गेली. अल्लमप्रभूंनी विचारलेले प्रश्न आजच्या मुलाखतीत कोणी विचारले तर सभात्याग होईल. एखाद्या आकाशवाणीवर भागत असते तर इतक्या उलटतपासणीची गरज काय होती? अरिवु, म्हणजे जाणीव, हाच गुरू, असे मानणाऱ्या परंपरेला पहिल्या कलमाचे भय वाटू नये. तिथे शरणाने निःशंक सही करावी.

इतकेच की ‘मानवी प्रयत्न’ या शब्दांत डॉक्टर जे धरतात आणि शरण जे धरतो, त्यांत अंतर आहे. त्यांच्या लेखी प्रयोग तोच, जो दुसऱ्याला करून पाहता येतो. शरणाचा प्रयोग तळहातावरच्या लिंगाकडे पाहत एकट्याने करायचा. त्याचा निकाल दुसऱ्याला दाखवता येत नाही. मग तो निकाल खरा कशावरून? हा आक्षेप पोकळ नाही, आणि भक्तीच्या आवेशात तो उडवून लावणे बरे नव्हे. शरणांनी यावर एकच कसोटी दिली होती : माणसाचे आचरण. आत काय दिसले ते तू सांगू नकोस, बाहेर कसा वागतोस ते आम्ही पाहू. ही कसोटी अपुरी असेल. दांभिक माणूसही काही काळ तिला फसवू शकतो. पण ती सगळ्यांना उघड आहे, एवढे तरी मान्य करावे लागेल.

अलौकिक शक्तीच्या धाव्याचे कलम अधिक अवघड. बसवण्णांच्या प्रत्येक वचनाला कूडलसंगमदेवाची मुद्रा आहे, अक्कांना चेन्नमल्लिकार्जुनाशिवाय क्षण जात नाही, मग धावा नाही कसा म्हणावा? येथे मला सोलापूर आठवते. सोन्नलिगेच्या सिद्धरामांनी गावासाठी तळे खोदायला घेतले होते. पाऊस पाड, असे म्हणत ते मल्लिकार्जुनासमोर बसून राहिले नाहीत. त्यांनी माणसे जमवली आणि कुदळ चालवली. शून्यसंपादनेत कथा आहे की अल्लमप्रभू तेथे गेले आणि सिद्धरामांना वड्डर म्हणून त्यांनी हाक मारली. काम करणारी मंडळी चिडली व त्यांनी दगड उचलले. अल्लमप्रभूंचा रोख तळ्यावर नव्हता. तळे मी बांधतो आहे, या ‘मी’वर होता. म्हणजे पाहा, पाण्याचा प्रश्न माणसाच्या बळावर सोडवायचा याबद्दल दोघांत वादच नाही. वाद आहे तो सोडवणारा कोण याविषयी.

आणि नेमके याच ठिकाणी आजचे विज्ञानही अडखळलेले आहे. मेंदूला मार लागला की स्मृती जाते, भूल दिली की जाणीव मावळते, ताप चढला की माणूस बरळतो. जाणीव मेंदूवर अवलंबून आहे याचे इतके पुरावे आहेत की ते नाकारणारा भाबडा ठरेल. परंतु पेशींच्या हालचालीतून ‘मला दुखते आहे’ ही आतली प्रतीती मुळात उमटतेच का, हा प्रश्न १९९५ साली डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाने ‘कठीण प्रश्न’ म्हणून मांडला, आणि सर्वांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही. वातीवाचून ज्योत नाही हे कळले. ज्योत म्हणजे वातच, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तसेच ज्योत वातीपासून वेगळी कुठे तरी राहते, हेही सिद्ध होत नाही. आपल्याकडील काही प्रवचनकार विज्ञानाला उत्तर सापडत नाही असे दिसले की लगेच तेथे आत्मा बसवून मोकळे होतात. त्यांनी जरा दम धरावा. अल्लमप्रभूंनी अंतिम सत्याला ‘बयलु’ म्हटले, मोकळे अवकाश म्हटले. ती जागा भरून टाकण्याची घाई त्यांना नव्हती.

प्रतिज्ञेतील आणखी एक गोष्ट मला सुचते. ज्ञान केवळ मानवी प्रयत्नानेच मिळते, हे वाक्य कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले? ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले नाही. ती एक निष्ठा आहे; प्रयोग सुरू करण्याआधी मनाशी बांधलेली गाठ आहे. असे म्हणून मी डॉक्टरांना पेचात पकडू पाहत नाही. आपलीही गाठ तशीच आहे. म्हणूनच तर त्यांना सही मागावी लागली. दोन अधिक दोन चार, यावर कोणी कोणाची सही घेत नाही.

राहिले नीतीचे कलम, आणि मला वाटते सगळा वाद अखेर येथेच येऊन ठेपतो. नास्तिक विचारतो : चांगले वागायला देव कशाला हवा? बसवण्णांचे उत्तर ऐकून तो चकित होईल. चोरी नको, हिंसा नको, असत्य नको, क्रोध नको, दुसऱ्याचा तिटकारा नको, आत्मस्तुती नको, परनिंदा नको. एवढे पाळणे हीच अंतरंगाची व बहिरंगाची शुद्धी, देव प्रसन्न होण्याची रीत हीच, असे त्यांनी सांगितले. पूजा आधी आणि नीती नंतर, असा क्रम त्यात नाही.

तरी एक अडचण उरते. ११६७च्या सुमारास कल्याणात काय झाले, ते परंपरा सांगते. चांभार कुळातील हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातील मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला, आणि बिज्जळाच्या राज्याने दोन्ही बापांना क्रूर शिक्षा दिली. त्या काळच्या समाजाचे ‘नैतिक बळ’ शिक्षा देणाऱ्यांच्या बाजूला होते. बहुसंख्य माणसे ज्याला पाप म्हणत होती त्याला मूठभर शरण पुण्य म्हणत होते. ते कोणत्या मापाने? समाजाने दिलेल्या मापाने तर नव्हेच. श्रद्धावान म्हणतो, ते माप शिवाचे. बुद्धिवादी म्हणतो, ते माप विवेकाचे. आणि जोडीला तो हळूच आठवण करून देतो की शिक्षा देणारेही धर्माचेच नाव घेत होते. हा त्याचा टोला वर्मी बसतो. देवाच्या नावाने अन्याय थांबतोच असे नाही, हे आपण कल्याणातच पाहिले आहे. माझे मत विचाराल तर, माणसापेक्षा मोठे काही तरी आहे ही जाणीव नसती तर हरळय्या त्या दिवशी उभे राहिले नसते. पण ही माझी समजूत झाली. तिला पुरावा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

ज्या कल्याणाविषयी आपण बोलतो आहोत ते बसवकल्याण हैदराबादपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, आणि १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. तेव्हा भार्गवांचा कागद काही परक्या मुलखातून आलेला नाही.

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले. भार्गव आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध हैदराबादच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले, २००४ साली तेथेही हरले. आता विचार करा. शरणांनी मुहूर्त मानला नाही, शकुन मानला नाही, जन्माचे, मरणाचे, विटाळाचे, उष्ट्याचे, जातीचे अशी पाचही सूतके झुगारून दिली. दीक्षेच्या वेळी लिंग गळ्यात बांधले जाते ती आपली सहीच आहे, आणि या पाचांना नकार हा त्याच कागदाचा मजकूर. असे असता आपल्या किती घरांत पत्रिका न पाहता सोयरीक जुळते? किती घरांत मासिक पाळीच्या चार दिवसांत मुलगी लिंगपूजेला बसते? कूडलसंगमदेव न मानणारा एक म्हातारा शास्त्रज्ञ ज्योतिषाविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या चढत होता, आणि बसवण्णांच्या जयंतीला मिरवणूक काढणारे आपण पंचांग उघडून बसलो होतो. सही न करणाऱ्या त्या शास्त्रज्ञांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांनी निदान सही करून मोडली तरी नाही.

ऑगस्ट २०१३मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला कल्याणनगरातील राहत्या घरी डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना गोळी घालण्यात आली. वचनसाहित्याच्या संपादनात ज्यांनी हयात वेचली, ते हे कलबुर्गी. त्याच वर्षी ऑक्टोबरात भार्गवांनी आपला पद्मभूषण परत करीत असल्याचे जाहीर केले. विवेक आणि बुद्धिवाद यांवर आघात होत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १ ऑगस्ट २०१७ रोजी ते हैदराबादेतच वारले.

कलबुर्गींचे नाव घेताना एक गोष्ट वगळून चालणार नाही, मग ती मठाच्या मासिकात छापायला कितीही जड जावो. ‘मार्ग’ या त्यांच्या ग्रंथातील काही लेखांवरून १९८९ साली आपल्याच समाजातून त्यांच्यावर दडपण आले, धमक्या आल्या, आणि त्यांना आपली मते मागे घ्यावी लागली. कुटुंबाच्या जिवासाठी आपण हे केले आणि त्या दिवशी बौद्धिक आत्महत्या केली, असे त्यांनी सांगितले होते. त्यांची अनुमाने बरोबर होती की चूक, ते अभ्यासकांनी ठरवायचे होते. अल्लमप्रभूंच्या शून्यसिंहासनासमोर ती मांडली गेली असती तर प्रश्न विचारले गेले असते, बस. कलबुर्गी त्यानंतरही लिहीत राहिले. ‘मार्ग’च्या चौथ्या खंडाला २००६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.