चॅरिटी म्हणजे काय?



‘चॅरिटी’ हा शब्द आपल्याकडे बहुधा कचेरीतून येतो. ट्रस्टची नोंदणी करायची तर चॅरिटी कमिशनर, म्हणजे धर्मादाय आयुक्त. मदर तेरेसांनी १९५० साली कोलकात्यात स्थापन केलेल्या धर्मसंघाच्या नावातही तोच शब्द आहे. पण “मला कुणाची चॅरिटी नको” असे कुणी म्हणतो, तेव्हा त्याला अपमानाचा वास येतो. इंग्रजीत तर ‘चॅरिटीसारखे थंड’ असा वाक्प्रचारच आहे!

मुळात हा शब्द असा थंड नव्हता. लॅटिन ‘कारुस’ म्हणजे प्रिय, आणि महागही. आपण ‘मोलाचा माणूस’ म्हणतो, तसेच काहीसे. त्यावरून ‘कारितास’ आणि पुढे ‘चॅरिटी’. संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, १५८२च्या कॅथलिक इंग्रजी नव्या करारात हाच शब्द होता. आता तिथे ‘लव्ह’ असते. आपण ‘प्रीती’ म्हणतो. पौल तिथे सांगतो की, सगळी मालमत्ता गरिबांना वाटली तरी ही प्रीती नसेल तर काही लाभ नाही. आजच्या अर्थाने वाचले तर कोडेच पडते: सर्वस्व दान केले आणि तरी चॅरिटी नाही?

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. भर पावसात डोंगर चढून जे मातीत उतरले, त्यांनी काय दिले? वस्तू म्हणाल तर काहीच नाही. अनोळखी ठाकर माणसाचा जीव त्यांना मोलाचा वाटला. त्यानंतर धान्य, कपडे, पैसे लागतातच, आणि ते देणाऱ्यांना आम्ही कमी लेखत नाही. उपाशी माणसाला शब्दार्थ सांगून काय उपयोग?

आम्हाला खटकते ते निराळेच. नाताळात वाडीवर चादरी वाटायच्या, फोटो काढायचा, आणि त्याच वाडीतल्या कातकरी मजुराची वीटभट्टीवरची किंवा आपल्या शेतावरची मजुरी ठरवताना घासाघीस करायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट बजावले आहे की, न्यायाने जे देणे लागते ते प्रीतीचे दान म्हणून देऊ नये. म्हणजे पुरी मजुरी ही चॅरिटी नव्हे, ते देणे आहे. ते फिटल्यावर मग चादर.

आपल्या शेतात दरवर्षी भात लावायला येणाऱ्या बाईचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? पुढच्या आवणीला तिला ते विचारता येईल.