काटकसर कोणाच्या ताटातली?

अर्धा किलो दोडक्याची मूगडाळ घालून भाजी, काढलेल्या शिरांची तीळ घालून चटणी आणि सोबत ज्वारीची भाकरी. एवढ्यात चौघांचे जेवण होते. अशा स्वस्त जेवणाला आपण कमी लेखतो का? भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार सांगितले आहेत. त्यात किमतीचा उल्लेख नाही. भगवान श्रीकृष्णांनी दुर्योधनाचे भोजन नाकारले आणि ते विदुराघरी जेवले. अन्नाचे मोल बाजारात ठरत नाही.

मात्र एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आपल्या घरातील काटकसर नेमकी कोणाच्या ताटात होते? भाजी कमी पडली, की ‘मला भूकच नाही’ असे कोण म्हणते? जी सर्वांत शेवटी जेवते, तिच्या वाट्याला कढईला लागलेली भाजी उरते. तिने आनंदाने दिले, तर तो तिचा त्याग आहे. पण आपण न पाहता पुन्हा वाढून घेतले, तर ती आपली बेपर्वाई आहे. तिच्या त्यागाने आपली चूक पुसली जात नाही.

गीतेच्या ३ ऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी अन्न शिजवणाऱ्यांना दोष दिला आहे. केवळ स्वतःपुरते वाढून घेणाऱ्यांनीही त्यातून बोध घ्यावा. आज रात्री दुसऱ्यांदा भाजी घेण्यापूर्वी कढईत एकदा डोकावून पाहा. शक्य असल्यास सर्वांची ताटे एकाच वेळी वाढा. साधे अन्न सर्वांना सारखे पोहोचले, की त्याचाच प्रसाद होतो.