पाणथळीतला खूर आणि नांगर

चराईबंदीबद्दल महाराष्ट्राच्या मनात आदर आहे, आणि तो सार्थ आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी पाळली, उघडेबोडके डोंगर गवताने झाकले गेले, विहिरींचे पाणी वाढले. आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत तिला जागा मिळाली ती उगाच नाही. मात्र डोंगरउतारावर खरा ठरलेला हा नियम आपण नकळत सगळ्याच रानाला लावतो, नदीकाठच्या पाणथळीलाही. पाणथळ वाचवायची म्हटले की पहिली मागणी गुरे बाहेर काढण्याची होते, कारण गुरे डोळ्यांना दिसतात आणि गुराखी दुबळा असतो. काठावर सरकत येणारा नांगर मात्र हिरवागार दिसतो, म्हणून तो कुणाला खुपत नाही. पाणथळीतल्या वनस्पतींच्या बाजूने विचार केला तर हा क्रम उलटा हवा, असे माझे म्हणणे आहे. चराईचा प्रश्न प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. नांगरट आणि तिच्यामागून येणारे खत मात्र पाणथळीचे पाणथळपणच काढून घेतात.

या बाबतीत भरतपूरच्या केवलादेवइतका बोलका दाखला देशात दुसरा नाही. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी अडवून तयार झालेली ही जेमतेम २९ चौरस किलोमीटरची पाणथळ. १९८१ मध्ये ती रामसर कराराच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली, पुढे राष्ट्रीय उद्यान झाली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथे चराई पूर्ण बंद करण्यात आली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. विरोध झाला, गोळीबार झाला, गावकरी मेले. बंदीमागचा हेतू शुद्ध होता. सालिम अलींसारख्या पक्षितज्ज्ञाचाही चराई थांबवण्याकडेच कल होता. पण बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने त्या दशकभर तिथे जो अभ्यास केला, त्यात वेगळेच चित्र पुढे आले. म्हशी गेल्यावर पास्पालम डिस्टिकम नावाचे पाणगवत बेसुमार वाढले. उथळ पाण्यावर त्याची दाट गादी पसरली, मोकळे पाणी आक्रसले, पाण्याखालच्या वनस्पतींचा उजेड तुटला आणि माशांना, बदकांना जागा उरली नाही. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासाने मर्यादित चराईच्या बाजूने कौल दिला. १९९० मध्ये केवलादेवचे नाव रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळींच्या नोंदीत गेले, तेव्हा पाणीटंचाईच्या जोडीने चराईचा बिघडलेला तोल हेही कारण दिले गेले. ज्या बंदीपायी माणसे मेली, ती बंदी वनस्पतींच्याही कामी आली नाही, ही गोष्ट संरक्षणाच्या इतिहासात ठळकपणे लिहून ठेवायला हवी.

डोंगरावर जे घडते ते इथे का घडत नाही? डोंगरउतारावर माती पातळ आणि ओल थोडी असते. तिथे झाडोऱ्याला सावरायला वर्षे लागतात, म्हणून प्रत्येक तोंडभर चारा हा तोटा ठरतो. पाणथळीत पाणी, गाळ आणि अन्नद्रव्ये भरपूर असतात. वाढीला अडचण नसली की स्पर्धा उजेडासाठी होते, आणि त्या स्पर्धेत उंच, दाट, वेगाने पसरणाऱ्या एक-दोनच जाती जिंकतात. पाणकणीस आणि काही पाणगवते ही अशी जिंकणारी. हिवाळ्यात पाणी ओसरू लागते तेव्हा काठावरचा ओल्या गाळाचा पट्टा जवळून पाहावा. तिथे जलपिंपळी जमिनीसरशी पसरलेली असते, नीरब्राह्मीची मांसल पाने असतात, माक्याची पांढरी फुले असतात, लव्हाळ्याची बारीक रोपे असतात. यांतली बहुतेक रोपे बोटभर उंचीची आणि उजेडाची भुकेली. त्यांचे बी गाळात निपचित पडून असते आणि पाणी हटून ऊन लागले की रुजते. म्हैस वरचे उंच गवत खाते तेव्हा या रोपांना आभाळ मोकळे होते. तिच्या खुराच्या ठशात पाणी साचते आणि त्या वितभर डबक्याच्या कडेला वेगळी रोपे उगवतात. शेणातून बी एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. सोसवेल एवढी चराई ही या व्यवस्थेत जाच नसून तिचा एक भाग असते.

भरतपूर हा अपवाद म्हणावा, तर कोस्टारिकातली तेंपिस्के नदीकाठची पालो वेर्दे ही पाणथळ घ्या. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८०च्या सुमारास तिथली गुरे हटवली गेली आणि काही वर्षांत पाणकणसाने जवळजवळ सगळे मोकळे पाणी गिळले. मग गुरे परत आणावी लागली, ट्रॅक्टरने पाणकणीस चिरडावे लागले. पण मला सोयीचे तेवढेच दाखले देऊन भागणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला काकाडूच्या पूरमैदानांत एकोणिसाव्या शतकात आणलेल्या म्हशी रानटी होऊन इतक्या वाढल्या की त्यांनी काठ तुडवले, कमळे संपवली आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटांनी खारे पाणी गोड्या पाण्यात शिरले. गेल्या शतकाच्या अखेरीस त्या मोठ्या प्रमाणात मारल्या गेल्या तेव्हा कमळे आणि स्थानिक गवते परतली. त्याच वेळी, आपल्याकडेही चाऱ्यासाठी लावले जाणारे पॅरा गवत काही भागांत अधिकच फोफावले, कारण ते खाणारे कुणी उरले नव्हते. एकाच जनावराचे असे दोन्ही परिणाम दिसतात, तेव्हा दोष किंवा श्रेय जनावराच्या जातीला देता येत नाही. संख्या किती, महिना कोणता, पाणी किती खोल, आणि तिथे आधीपासून कोणते गवत ठाण मांडून बसले आहे, यावर सारे ठरते. चिखल लिबलिबीत असताना कळप घातला तर मुळे तुटतात आणि काठ ढासळतो. शिवाय गुरे निवडून खातात. विषारी बेशरम ती सोडून देतात, म्हणून अति चराईच्या जागी शेवटी बेशरमचेच रान माजते.

नांगराबाबत असा दुहेरी निकाल लागत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, निफाड तालुक्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला आणि नांदूर मधमेश्वरची पाणथळ घडली. १९८६ मध्ये ती अभयारण्य झाली, २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. भोवताली ऊस, कांदा, द्राक्षे असा राज्यातला अव्वल बागायती मुलूख आहे. अशा ठिकाणी शेती पाणथळीवर तीन वाटांनी येते. पहिली वाट पाण्याची: पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे पावसाऐवजी कालव्याचे आवर्तन ठरवते, आणि ठरावीक महिन्यात उघड्या गाळावर रुजणाऱ्या बियांचे वेळापत्रक कोलमडते. दुसरी वाट खताची: शेतातून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद जलपर्णीला पोसते, तिची चादर पसरली की खाली हायड्रिलासारख्या बुडीत वनस्पती उजेडाविना मरतात. तिसरी वाट थेट नांगराची: पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घेतले की गाळातला बियांचा साठा उलथून खोल जातो, आणि वरच्या बोटभर थरातूनच रुजू शकणारे बारीक बी कायमचे गाडले जाते. नागरमोथ्याच्या गाठी मात्र फाळाने तुटून शिवारभर पसरतात. म्हणजे नांगरट वनस्पती संपवते असे म्हणणे अपुरे आहे. ती पाणथळीच्या वनस्पती हटवून तिथे शेतातले तण आणून बसवते. गुरे काढली तर काठ दोन-चार पावसाळ्यांत बदलू शकतो. पण ज्या गाळातले बियाणेच संपले, तिथे नुसती शेती थांबवून जुना झाडोरा परतेल याची खात्री देता येत नाही.

यावर शेतकऱ्याच्या बाजूने येणारा आक्षेप गंभीर आहे. गाळपेर करणाऱ्यांत ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या ते प्रकल्पग्रस्त असतात. दुष्काळात हीच जमीन चाऱ्यासाठी देण्याचे निर्णय शासनाने घेतले आहेत. नांदूर मधमेश्वरच्या बाबतीत हेही खरे, की वरच्या अंगाला नाशिक शहर आहे आणि जलपर्णीला पोसण्यात सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. ही दोन्ही म्हणणी मला मान्य आहेत. शहराचा मैला सोडून केवळ काठावरच्या कुळाला धरणे अन्याय्यच ठरेल. पण या मान्यतेतून नांगर निर्दोष ठरत नाही. त्यातून भरपाईची जबाबदारी ठरते. काठाच्या अगदी खालच्या, शेवटी उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात नांगर आणि रासायनिक खत दोन्ही थांबवावे आणि त्या बदल्यात तिथल्या गवतावर त्याच कुटुंबांना कापणीचा व चराईचा लेखी हक्क द्यावा. दुष्काळात चारा लागतो, तो पेरूनच मिळतो असे नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: एकदा दार उघडले की शंभराच्या जागी हजार गुरे येतील. ही भीती खोटी नाही. पण ज्यांच्या हातात काहीच हक्क नाही, ते लोक रात्री गुरे घालतात, आणि तेव्हा संख्या मोजायला कुणी नसते. हिवरे बाजारची चराईबंदी टिकली ती ग्रामसभेने ठरवली म्हणून. पाणथळीकाठच्या ग्रामसभेला तसेच बंदीऐवजी चराईचे वेळापत्रक ठरवता येईल. पावसाळ्यात आणि चिखलाच्या दिवसांत गुरे बाहेर, पाणी ओसरून काठ घट्ट झाल्यावर ठरलेल्या संख्येने आत, आणि काही तुकडे कायम कुंपणात, म्हणजे चरलेल्या व न चरलेल्या जागेतला फरक दरवर्षी मोजता येईल. रामसर स्थळाच्या व्यवस्थापन आराखड्यात हे वेळापत्रक लिहिले जावे, ते ठरवताना काठच्या गावांचे गुराखी बैठकीत असावेत, आणि पक्षिगणना ज्या नेमाने होते त्याच नेमाने काठावरच्या गवता-लव्हाळ्यांची नोंद व्हावी. वनविभागाने आणि जलसंपदा विभागाने एकत्र बसल्याशिवाय यातले काहीच होणार नाही, कारण गुरे एकाच्या अखत्यारीत आहेत आणि पाण्याची पातळी दुसऱ्याच्या.