निरंक

सरकारी मराठीतला सगळ्यात नावडता शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘निरंक’ म्हणेन. तालुक्याला माहिती पाठवायची असते, पाठवण्यासारखं काही नसतं, रकाना मोकळा सोडला तर साहेब बोलतात, मग निरंक. टँकरच्या फेऱ्या निरंक, पुराचं नुकसान निरंक. तिथवर तक्रार नाही, उलट आनंदच. पण ग्राम बाल संरक्षण समितीच्या नोंदवहीत ‘अत्याचाराच्या तक्रारी : निरंक, बालविवाह : निरंक, शाळाबाह्य मुले : निरंक’ असं ओळीनं वाचलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षभर एकाही लेकराला काही झालं नाही, असं ते पान सांगत असतं. असं गाव मी अजून पाहिलेलं नाही.

ही समिती 2009च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून आली. ती योजना आता ‘मिशन वात्सल्य’ या नावानं चालते. आपल्याकडे सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई आणि गावातलीच दोन मुलं. रचना विचारपूर्वक केलेली आहे. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात बसलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते शेजारणीला दिसतं. कुणाचं पोरगं आठ दिवस शाळेत नाही, कुणाच्या घरी पाहुणे येऊन पोरगी बघून गेले, कुणाचा बाप पिऊन आला की लेकरं देवळात झोपायला जातात, हे गावाला माहीत असतंच. त्या माहितीला बसायला कुणीतरी सतरंजी अंथरावी, एवढंच समितीचं काम.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मूल्यांकनासाठी मी मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात गेले होते. हातात चार पानी तपासणी यादी. समिती स्थापन झाली का, बैठका किती, प्रशिक्षण किती जणांना, फलक लावला का. फलक होता. त्यावर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक होता आणि त्या आकड्याच्या दुप्पट आकाराचा अध्यक्षांचा फोटो. अंगणवाडीताईंनी नोंदवही पुढं केली. वर्षात चार बैठका, चारही वेळा सगळ्यांच्या सह्या, खाली शिक्का. दोन बाल सदस्यांपैकी मुलगा बाहेर गोट्या खेळत होता. मुलगी आठवीतली. तिला भेटता येईल का, असं विचारलं.

“आत्ता नाही मॅडम. आईबापाबरोबर गेलीय. दरसालच जाते की, दिवाळी झाली की फडावर.”

वहीतली तिसरी बैठक गेल्या डिसेंबरातली होती आणि त्या पोरीची गोल अक्षरातली सही तिथं होती. ताईंच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं. त्यांनी वही मिटली नाही, फक्त पदर सारखा केला. डिसेंबरात ती मुलगी शे-दोनशे किलोमीटरवर कुठल्या तरी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत असणार. खरं तर डिसेंबरात गावातली निम्मी घरं कुलूपबंद असतात. सही करायला कोण उरलेलं असतं? ताईंना बोल लावावा असं मला वाटलं नाही. पोषणाची माहिती मोबाइलवर भरायची, लसीकरणाला बायका गोळा करायच्या, निवडणुकीची कामं करायची, आणि मानधन म्हणून जे मिळतं ते मिळतं. त्यात ही आणखी एक वही. माझ्या यादीत प्रश्न होता, ‘बैठकीत बालकांचा सहभाग आहे का?’ सही होती. मी ‘होय’वर खूण केली.

ती खूण मला अजून टोचते. तिचा दोष माझ्या आळसाकडे जातोच, पण त्याहून जास्त त्या यादीकडे जातो. आपण समिती मोजतो, मूल मोजत नाही. हे काही आपलंच दुखणं नाही. मायकेल वेसेल्स या मानसशास्त्रज्ञानं 2009मध्ये जगभरच्या अशा गावपातळीवरच्या गटांबद्दलचे अहवाल आणि मूल्यांकनं पालथी घातली. बहुतेकांनी गट किती झाले आणि प्रशिक्षणं किती झाली हे लिहिलं होतं. मुलांच्या जगण्यात काय फरक पडला, याचा भक्कम पुरावा फारच थोड्या ठिकाणी होता. जिथं गावाला ते काम आपलं वाटलं, तिथं ते टिकलं. जिथं ते संस्थेचं वाटलं, तिथं संस्थेची गाडी गेली की गटही गेला. हे दुसरं निरीक्षण आपल्याकडच्या कुठल्याही बचतगटवाल्या बाईनं न वाचता सांगितलं असतं.

पुढं सिएरा लिओनमध्ये जे केलं गेलं ते मला अधिक शिकवून गेलं. त्या देशानं 2007च्या बालहक्क कायद्यानं गावोगावी बालकल्याण समित्या ठरवून दिल्या होत्या. अभ्यासक गावात जाऊन राहिले आणि समितीबद्दल काही न विचारता त्यांनी लोकांना दोनच गोष्टी विचारल्या: इथं लेकरांचं वाईट कशानं होतं, आणि तसं झालं तर तुम्ही कुणाकडं जाता? शाळा सुटणं, लग्नाआधी कोवळ्या पोरींना दिवस जाणं, जड कामं, परक्याच्या घरी वाढणाऱ्या मुलांचे हाल, अशी दुखणी पुढं आली. आणि जातो कुणाकडं, तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडं, गावच्या मुखियाकडं. समितीचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी आलं.

त्यांचा तो दुसरा प्रश्न मी तेव्हापासून उचललाय, पुढं ‘समजा’ लावून. नाव-गाव विचारायचं नाही. समजा, एखाद्या पोरीला रस्त्यात कुणी त्रास दिला, तर ती कुणाला सांगेल? विहिरीवर, किराणा दुकानाच्या ओट्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत. आई, आत्या, मैत्रीण, क्वचित एखाद्या बाई, आणि बऱ्याचदा, “कुणालाच नाही.” एकदा एका सातवीतल्या पोरीनं मला उलट विचारलं, “सांगितल्यावर शाळा बंद करणार नाहीत ना?” तिचा हिशेब पक्का होता. पोरीनं तोंड उघडलं की शिक्षा तिलाच होते, तिची शाळा सुटते. हा हिशेब बदलला का, हे ज्या मूल्यांकनात विचारलं जात नाही, त्या मूल्यांकनाची पानं मोजण्यात काय हशील?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007मध्ये मुलांवरच्या अत्याचाराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यं, बारा हजारांहून जास्त मुलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तोवर ते कुणापाशी बोललेलं नव्हतं. म्हणून या एका बाबतीत आपली नेहमीची गणितं उलटी मांडायला हवीत. समिती चांगली चालू लागली की तक्रारी वाढतात. पहिल्या वर्षी निरंक, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी 7, असं दिसलं तर त्या गावाचं अभिनंदन करायला हवं. आपण काय करतो? आकडा वाढला की सरपंचाला बोलावून विचारतो, तुमच्या गावात हे काय चाललंय. पुढच्या वर्षी पुन्हा निरंक.

आपल्याला याची सवय जुनी आहे. आर. आर. आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, वाटणीची, नळावरची भांडणं कोर्टात जाऊन दोन पिढ्या कंगाल व्हायची, ती चावडीवर मिटू लागली. चांगलंच झालं. पण ‘मिटवा’ हा संस्कारही त्यातून घट्ट झाला, आणि वेशीवर ‘तंटामुक्त’ अशी पाटी लागलेल्या गावाला कोण म्हणेल की इथं काही बिघडलंय? बांधाच्या भांडणात मिटवणं शहाणपणाचं असेल. लेकराच्या अंगाला कुणी हात लावला असेल, तर मिटवणं हाच गुन्हा आहे. पॉक्सो कायद्यात माहिती असूनही न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. तरीही समितीची बैठक बोलावून, चहा सांगून, ‘पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे’ असं हळू आवाजात म्हणत प्रकरण झाकलं जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत कुणाचं तरी बोट चिरडलेलं असतं.

इथं गावकीच्या भाबड्या कौतुकाला मी एक चिमटा काढून ठेवते. समिती गावाची असली की आपोआप लेकरांची होते, हे खरं नाही. अध्यक्ष भावकीतला, आरोपी भावकीतला, आणि पोरगी वस्तीवरची असेल, तर सतरंजीवर कोण बसेल आणि दाराशी कोण उभं राहील, हे सांगायला अभ्यास लागत नाही. शेजाऱ्याला सगळं दिसतं, हीच समितीची ताकद. शेजाऱ्याशी उद्याही संबंध ठेवायचाय, हीच तिची अडचण. त्यामुळं गावाबाहेर जाणारी एक वाट, 1098 म्हणा नाहीतर तालुक्याची बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणा, उघडी आहे का आणि पोरांना ती ठाऊक आहे का, हे तपासावंच लागतं.

बालविवाहाचा हिशेब तर आणखी फसवा. ‘रोखलेले बालविवाह’ हा रकाना सगळ्यांच्या आवडीचा. निनावी फोन येतो, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोचतात, वऱ्हाड पांगतं, आईबापांकडून अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणार नाही असं लिहून घेतलं जातं, फोटो निघतो. एक लग्न रोखलं. पंधरा दिवसांनी मामाच्या गावी, ‘साखरपुड्यातच उरकून घेतलं’ म्हणत, तीच हळद तिला पुन्हा लागलेली असते. त्याची नोंद मामाच्या गावातही नसते, कारण तिथलीही वही निरंक. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण येतं आणि 2019-21चे आकडे सांगतं: 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात 22 टक्के, बीडमध्ये 44च्या आसपास, परभणीत 48. वह्या खऱ्या मानाव्यात की हे?

लग्न का होतं, तेही मांडवात कळत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडी झाली की मुकादमाकडून उचल मिळते. आईबाप सहा महिने फडावर, मागं चौदा वर्षांची पोर म्हाताऱ्या आजीजवळ. रात्री बापाला झोप कशी लागावी? तो लग्न लावतो तेव्हा त्याच्या मनात क्रौर्यापेक्षा भीती जास्त असते. अशा घरापुढं कायद्याचं कलम वाचणारी समिती आणि हंगामी वसतिगृह दिवाळीआधी सुरू व्हावं म्हणून पंचायत समितीत खेटे घालणारी समिती, यांतली कुठली त्या पोरीचं रक्षण करते?

आणखी एक गाव सांगते. शाळा सातवीपर्यंतच, पुढं साडेपाच किलोमीटर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघायची. पोरी अंधारात चालत यायच्या. दोघींची शाळा त्यापायी सुटली, एकीचं लग्न ठरत होतं. आशाताई आणि पाच-सहा आया आगारात जाऊन बसल्या. पहिल्यांदा हाकलल्या गेल्या, दुसऱ्यांदा चहा मिळाला, तिसऱ्यांदा गाडी चाळीस मिनिटं पुढं गेली. त्या वर्षी सातवीतल्या सगळ्या पोरी आठवीत गेल्या. मी वही पाहिली. एसटीला कुठला रकाना लागू होणार? ताईंनी तिथंही तोच शब्द लिहिला होता. झोपलेल्या समितीची वही निरंक आणि जागी असलेलीचीही निरंक, आणि माझ्या यादीप्रमाणं दोघींना सारखे गुण.

पुढच्या वेळी जे कुणी मूल्यांकनाला जाणार असाल, त्यांना एक विनंती. मार्चअखेरची घाई धरू नका. एप्रिल संपताना, फडावरचे ट्रॅक्टर परतल्यावर जा. नोंदवही शेवटी बघा. आधी शाळेतून दोन वर्षांपूर्वीचा सातवीचा हजेरीपट मागून घ्या आणि त्यातली एकेक मुलगी आज कुठं आहे, ते आशाताईंच्या ओट्यावर बसून विचारा. त्याला एक अख्खी दुपार लागते.