भाड्याच्या खोलीतलं घर

विनोदकुमार शुक्ल यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीतले रघुवर प्रसाद छोट्या गावातल्या कॉलेजात गणित शिकवतात. बिऱ्हाड एका खोलीचं, तेही भाड्याचं. चूल तिथेच, अंथरूण तिथेच, आणि गावाहून आईवडील आले की त्यांचीही सोय तिथेच. या खोलीच्या खिडकीतून रघुवर प्रसाद आणि त्यांची पत्नी सोनसी पलीकडे उतरतात. तिकडे तळी आहेत, झाडं आहेत, आणि मायेने चहा पाजणारी एक म्हातारी आहे. १९९९ साली या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शुक्ल राजनांदगावचे. दुर्गहून नागपूरच्या गाडीत बसलं की पुढचं मोठं गाव तेच. म्हणूनच दुर्गच्या पद्मनाभपुरात राहणाऱ्याला ही खोली ओळखीची वाटते. शेजारच्या भिलाईत पोलाद प्लांटच्या नोकरीबरोबर क्वार्टर मिळायचं. मुलं तिथे वाढायची, अंगणातल्या पेरूला फळं धरायची, आणि निवृत्तीनंतर क्वार्टरची किल्ली परत करावी लागायची. पुढे कुणी स्वतःचं घर बांधलं. तरीही ‘मूळचे कुठले?’ असं विचारलं की इथला मराठी माणूस विदर्भातल्या एखाद्या गावाचं नाव सांगतो, जिथे आता त्याची वाट पाहणारं कुणी नसतं. क्वार्टर कंपनीचं, गाव आजोबांचं. मग आपलं काय, ही रुखरुख राहतेच.

रघुवर प्रसाद आणि सोनसी मात्र आहे त्या खोलीत सुखाने नांदतात. खोली लहान म्हणून आईवडील जड होत नाहीत. ती म्हातारी नात्याची ना गोत्याची, तरी तिच्याकडे संकोच वाटत नाही. सातबाऱ्यावर न चढलेला हा आपलेपणाच त्यांचं घर आहे.

शुक्लांना तरुणपणी दिशा दाखवणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. जन्म ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा, लेखन हिंदीतलं. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातले दोघे दोन भाषांत रुजले. मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवायला आले आणि १९६४ मध्ये त्यांचं निधन झालं. सहाच वर्षांचा सहवास, पण राजनांदगावने त्यांना कायमचं आपलं मानलं. त्यांचं राहतं घर तिथे आज स्मारक म्हणून जपलं आहे.

गाव आपलं व्हायला पिढ्या जाव्या लागतात, असं आपण धरून चालतो. मुक्तिबोधांना सहा वर्षं पुरली, कारण त्यांनी शुक्लांसारख्या नवख्या मुलाच्या कविता मनापासून वाचल्या, त्याला जवळ केलं. आपणही एवढं करू शकतो. शेजारी ओडिया किंवा तेलुगू बोलणारं नवं बिऱ्हाड आलं, तर ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न नंतर. आधी त्यांना चहाला बोलवावं. आपण ज्यांना सामावून घेतो, त्यांच्यामुळेच गाव आपलं होतं.